लघुपटातील स्वमग्न व्यक्तींची मैत्री : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

'ऑटिझम' या संज्ञेसाठी मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द रूढ आहे. मूळ संज्ञादेखील 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी घडविली. जो स्वतःतच मग्न, त्याला मित्र कोठून असणार, असा निष्कर्ष या शब्दातच दडलेला आहे. हा निष्कर्ष कसा रूढ झाला, पडद्यावर तो कसा उतरला आणि दोन स्वमग्न पात्रांची मैत्री लघुपटात विश्वसनीय वाटावी यासाठी इतिहासातून कोणता आधार मिळतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एकाकीपणाची व्याख्या :

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली व पराकोटीचा एकटेपणा हे त्यांचे प्रमुख लक्षण मानले. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीने 'इतरांना प्रतिसाद न देणे' हा निदानाचा निकष ठरविला. या निरीक्षणांचा आधार मुख्यतः पालकांचे कथन व डॉक्टरांच्या नोंदी हा होता. दोन स्वमग्न व्यक्ती एकमेकांच्या सहवासात कशा वागतात, हा प्रश्न या निकषांच्या केंद्रस्थानी नव्हता.

पडद्यावरील प्रतिबिंब :

चित्रपटांनी हीच दृष्टी स्वीकारली. 'रेन मॅन' (१९८८) मध्ये रेमंडच्या सहवासाने त्याचा भाऊ चार्ली बदलतो. कथेचा प्रवास खऱ्या अर्थाने चार्लीचा आहे. 'माय नेम इज खान' (२०१०) मधील मुंबईत वाढलेला रिझवान हाही मुख्य पात्रांतील एकमेव स्वमग्न होय. एरिका मिल्सम दिग्दर्शित 'लूप' (२०२०) हा पिक्सारचा लघुपट या परंपरेत वेगळा ठरतो. न बोलणारी रेने आणि बडबडा मार्कस एका होडीत एकत्र येतात. रेनेला बोलते करण्यापेक्षा तिची भाषा शिकणे अधिक महत्त्वाचे आहे, हे मार्कसला उमगते. रेनेचा आवाजही मॅडिसन बँडी या स्वमग्न तरुणीचा आहे. तथापि मार्कस स्वमग्न नाही. त्यामुळे समजून घेण्याची कसोटी पुन्हा त्याचीच ठरते. रेचल इस्रायल यांच्या 'कीप द चेंज' (२०१३) या लघुपटाने व त्यावरून २०१७ मध्ये केलेल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाने स्वमग्न कलाकारांना मध्यवर्ती स्थान दिले. मात्र त्याचा विषय मैत्री नसून प्रेम हा आहे.

दुर्लक्षित पुरावा :

स्वमग्न व्यक्तींच्या परस्पर मैत्रीचा पुरावा मात्र यापूर्वीच उपलब्ध होता. १९९२ मध्ये जिम सिंक्लेअर, डोना विल्यम्स आदींनी 'ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल' ही संस्था स्थापन केली. १९९६ पासून तिची 'ऑट्रीट' ही निवासी शिबिरे सुरू झाली. तेथे रंगीत बिल्ल्यांची पद्धत विकसित झाली. लाल बिल्ला म्हणजे कोणीही बोलावयास येऊ नये. पिवळा म्हणजे केवळ परिचितांनी यावे. हिरवा म्हणजे संवाद हवा आहे, परंतु प्रारंभ करणे कठीण जाते. एकटेपणाची इच्छा आणि सहवासाची ओढ एकाच व्यक्तीत नांदू शकते, हे या साध्या पद्धतीने मान्य केले.

पुढे डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये 'दुहेरी समानुभूतीची समस्या' मांडली. आकलनातील अडथळा एकट्या स्वमग्न व्यक्तीत नसून तो दोन्ही बाजूंच्या मध्ये असतो, हे तिचे सार होय. कॅथरीन क्रॉम्प्टन व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रत्येकी ८ जणांच्या साखळ्यांतून एक गोष्ट तोंडोतोंडी पुढे पाठविली. केवळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळ्यांनी स्वमग्न नसलेल्यांच्या साखळ्यांइकीच माहिती टिकविली. मिश्र साखळ्यांत मात्र ती अधिक गळाली.

लघुपटासाठी अर्थ :

यावरून असे दिसते की, नजरेला नजर भिडणे वा मन मोकळे करणारे संवाद या नेहमीच्या खुणांवर अशा मैत्रीची विश्वसनीयता अवलंबून नाही. शेजारी बसून आपापले काम करणे, एकाच विषयावर विस्ताराने बोलणे, न रागावता निघून जाणे आणि दुसऱ्या दिवशी परत येणे, हीच तिची दृश्यरूपे होत. अर्थात दोघे स्वमग्न आहेत म्हणून मैत्री आपोआप जुळते, असे मानणे हाही नवा साचाच ठरेल. एकाला सतत गुणगुणल्याने शांतता लाभत असेल आणि दुसऱ्याला तोच आवाज असह्य होत असेल, तर दोघांनाही वाट काढावी लागते. लघुपटाला आवश्यक असणारा संघर्ष येथेच सापडतो. त्यासाठी समजूत घालणारे तिसरे पात्र आणण्याची गरज उरत नाही.

समारोप :

सुमारे आठ दशकांच्या या इतिहासात स्वमग्न व्यक्तींचे एकटेपण काटेकोरपणे नोंदविले गेले. त्यांचा परस्पर सहवास मात्र दीर्घकाळ नोंदीबाहेर राहिला. पडद्यावर जे दिसत नाही ते अस्तित्वातच नाही, असा समज वर्गात व समाजात दृढ होतो. म्हणूनच दोन स्वमग्न मित्रांचा प्रामाणिक लघुपट हा केवळ कलाविषयक प्रयोग न राहता इतिहासातील एका उणिवेची दुरुस्ती ठरतो, असे म्हणता येईल.