फोरहँड टॉपस्पिन

फोरहँड टॉपस्पिन : टेबल टेनिसमधील एक आक्रमक फटका. बॅट खालून वर व पुढे नेत चेंडूच्या पाठीवर घासली की चेंडू पुढच्या दिशेला गरगरत निघतो. ही फिरकी म्हणजे टॉपस्पिन. बॅट धरलेल्या हाताच्या बाजूने, तळहात पुढे ठेवून मारला की तो फोरहँड टॉपस्पिन होतो. कमी वेगाच्या, भरपूर फिरकीच्या प्रकाराला खेळाडू ‘लूप’ही म्हणतात. आजच्या खेळात बरेच गुण याच फटक्यावर किंवा त्याच्या धाकाने मिळतात. तरी शिबिरांत तो बहुधा घाईने शिकवला जातो आणि मुले वेग आधी उचलतात. प्रस्तुत नोंदीचा रोख याउलट आहे : नवशिक्याने आधी फिरकी कमवावी, वेग मागून येतो.

टेबल 2.74 मी. लांब, 1.525 मी. रुंद आणि जमिनीपासून 76 सेंमी. उंच असते; जाळी 15.25 सेंमी. उंच. एवढ्या आखूड पल्ल्यात सरळ, सपाट मारलेला जोरदार चेंडू एकतर जाळीत अडकतो नाहीतर टेबलाबाहेर जातो. चेंडू जाळीच्या उंचीखाली आलेला असेल तर तो सपाट जोराने मारणे जवळजवळ अशक्यच. टॉपस्पिनने ही अडचण सुटते. पुढे गरगरणाऱ्या चेंडूला हवा खाली दाबते, त्यामुळे तो जाळीवरून उंच जाऊनही टेबलावर झपकन उतरतो. टप्पा पडल्यावर तो बुटका होऊन पुढे सुसाटतो. समोरच्याने नुसती बॅट धरली तरी परतीचा चेंडू उंच उडतो. उत्तम खेळाडूंच्या टॉपस्पिनमध्ये चेंडू सेकंदाला शंभराहून अधिक फेरे घेतो. नवशिक्याला त्याच्या जवळपासही जायचे नसते. त्याच्या पातळीवर थोडी फिरकीदेखील पुरेशी असते.

मुंबई, 1952 : या फटक्याची पूर्वपीठिका महाराष्ट्रातच घडली आहे, हे मराठी खेळाडूंनाही फारसे ठाऊक नसते. फेब्रुवारी 1952 मध्ये टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली; आशियातली ही पहिलीच. तोवर बॅटीवर पुळ्यांचे पातळ रबर असे आणि चेंडू ‘टॉक् टॉक्’ वाजे. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. तिच्यावर चेंडूचा आवाजच येईना, त्यामुळे समोरच्याला फटक्याचा अंदाज बांधणे अवघड झाले. अमेरिकेचा मार्टी रीसमन त्याच्याकडून हरला. अंतिम फेरीत हंगेरीच्या योझेफ कोत्सियनला हरवून सातो पुरुष एकेरीचा विजेता झाला. सातोची बॅट मुख्यतः चेंडूला उसळी देणारी होती, लूपची नव्हे. मात्र स्पंजावरून वाद पेटला आणि 1959 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम केला : नुसता स्पंज चालणार नाही, त्यावर रबर हवेच आणि दोहोंची एकत्र जाडी 4 मिमी.च्या आत हवी. या दुपदरी ‘सँडविच’ रबरावर चेंडू क्षणभर रुतून बसतो, आणि त्या क्षणात तो घासता येतो. 1960 च्या सुमारास जपानी खेळाडूंनी लूप प्रत्यक्ष मैदानात आणला. पुढे 2000 मध्ये चेंडू 38 वरून 40 मिमी.चा झाला, 2014 पासून सेल्युलॉइडची जागा प्लास्टिकने घेतली. दोन्ही बदलांनी फिरकी थोडी घटली, टॉपस्पिनचे महत्त्व मात्र कमी झाले नाही.

पाय, कंबर, मग हात : उजव्या हाताच्या खेळाडूसाठी पुढील वर्णन आहे, डावखुऱ्याने बाजू उलटून घ्यावी. पाय खांद्यांहून जास्त रुंद, डावा किंचित पुढे, गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर. टाचा टेकल्या की पुढचा चेंडू सुटलाच म्हणून समजावे. बॅट मुठीत आवळायची नाही. पकड इतकी सैल हवी की कोणी ओढली तर बॅट निसटेल. चेंडूला लागण्याच्या क्षणी ती आपोआप घट्ट होते.

बॅट मागे नेताना हात मागे न्यायचा नसतो, कंबर फिरवायची असते. खांदे उजवीकडे वळतात, भार उजव्या पायावर येतो आणि बॅट मांडीच्या बाजूला उतरते. ती पाठीमागे गेली की फटका उशिरा लागणार, हे ठरलेले. मग उजव्या पायाने जमीन ढकलायची. कंबर पुढे फिरते, तिच्यामागून खांदा आणि सर्वांत शेवटी कोपरापासून पुढचा हात मिटतो. बॅट कपाळाच्या डाव्या बाजूशी, साधारण भुवईच्या उंचीवर थांबते. हा क्रम आसूडासारखा आहे : मूठ हळू हलते, टोक झपाट्याने. कोपर शरीराला चिकटलेले नको. मुठीएवढी फट राहिली तर हात मोकळा फिरतो. रिकामा डावा हात लोंबता ठेवू नये, त्याने तोल सांभाळायचा असतो.

मा लाँगसारख्या ऑलिंपिक विजेत्याचा जवळजवळ सरळ हाताने मारलेला फटका पाहून त्याची नक्कल करायची हौस हल्ली फार आहे. त्यामागे असलेली पायांची ताकद चित्रफितीत दिसत नाही. नवशिक्याने कोपर अर्धे वाकवून, आखूड हालचालीने सुरुवात केलेली बरी. मनगटाचा झटका तर पहिले काही महिने विसरूनच जावा.

घासणे : सगळा फटका ज्याच्यासाठी आहे तो स्पर्श सुमारे एक सहस्रांश सेकंद टिकतो. तेवढ्यात बॅट चेंडूवर आपटली तर वेग मिळतो, घासली तर फिरकी. नवशिके आपटतात. याची ओळख आवाजावरून पटते : आपटलेल्या चेंडूचा लाकडी ‘ठक्’ येतो, घासलेल्याचा मऊ, दबका. चेंडू शरीराच्या किंचित पुढे आणि उजवीकडे, टप्प्याच्या सर्वोच्च बिंदूपाशी किंवा तिथून जरासा उतरताना घ्यावा. तो चढत असताना घेणे ही पुढची पायरी आहे.

बॅटीचा कोन समोरून येणाऱ्या फिरकीवर ठरतो आणि इथे एक गंमत आहे. प्रतिस्पर्ध्याने पुश किंवा चॉप करून कट, म्हणजे उलटी फिरकी, दिलेला चेंडू नवशिक्याला अवघड वाटतो, कारण त्याचा आपल्याकडचा पृष्ठभाग वर सरकत असतो आणि बॅटीला लागताच तो खाली, जाळीत जातो. पण टॉपस्पिनसाठी हाच चेंडू सोयीचा. बॅट त्या पृष्ठभागाच्या दिशेनेच, त्याहून वेगाने वर गेली की मूळ फिरकी मोडावी लागत नाही, तिच्यात भर पडते. म्हणून कटवर बॅट जवळजवळ उभी आणि दिशा मुख्यतः वर. गुडघे अधिक वाकवून चेंडूच्या खालून यायचे. उलट ब्लॉक होऊन, म्हणजे नुसती बॅट धरून परतवून, आलेल्या किंवा टॉपस्पिन असलेल्या चेंडूचा आपल्याकडचा पृष्ठभाग खाली सरकत असतो, तो बॅटीवरून वर उडू पाहतो. तिथे बॅट पुढे झुकवायची आणि हालचाल वरपेक्षा पुढे जास्त. कटवरचा फटका जाळीत आणि ब्लॉकवरचा टेबलाबाहेर, असे जिथे होते तिथे दोन्हींचा दोष एकच असतो : कोन आणि दिशा बदललेलीच नसते.

चुका : सर्वांत मोठी चूक म्हणजे नुसत्या हाताने मारणे, खांदा दुखू लागला तर हेच कारण पाहावे. दुसरी, फटका मारून कौतुकाने बघत उभे राहणे. चेंडू समोर पोहोचेपर्यंत बॅट छातीसमोर आणि पाय जागेवर आलेले हवेत. चेंडू डोळ्यांनी बॅटीपर्यंत न नेता टेबलाच्या पलीकडे बघणे ही आणखी एक. बाकीच्या बहुतेक चुका याच तिन्हींतून निघतात.

सराव : टेबलाशिवायही बराच सराव होतो. आरशासमोर, बॅटीविना, फक्त पाय आणि कंबरेची हालचाल (शॅडो) रोज थोडी करावी. चेंडूभोवती मार्करने एक रेघ काढावी. डाव्या हाताने चेंडू जमिनीवर टाकून, टप्प्यावर वर घासून समोरच्या भिंतीकडे सोडावा. रेघ स्थिर पट्ट्यासारखी दिसली तर फिरकी शुद्ध, डगमगली तर बाजूची मिसळ आहे. प्रशिक्षकांचा आणखी एक जुना उपाय म्हणजे अडकवून ठेवलेले सायकलचे चाक. टायरवर बॅट घासून ते फिरवायचे. आपटले तर चाक ढिम्म राहते, घासले तरच फिरते. शंभर सूचनांनी जे समजत नाही ते चाक पाच मिनिटांत समजावते.

टेबलावर क्रम पाळावा. आधी सपाट काउंटर (फिरकीविना परतवलेला साधा फोरहँड) स्थिर व्हावा. मग कटवरचा टॉपस्पिन, साथीदाराने एकामागून एक चेंडू देत (मल्टिबॉल). त्यात वेग मुद्दाम कमी, कमान उंच. त्यानंतर साथीदाराने एकाच जागी ब्लॉक करत राहायचे आणि शिकणाऱ्याने टॉपस्पिन. इथे ब्लॉक करणारा जितका निमूटपणे एकाच जागी देईल तितके शिकणे लवकर. शेवटी पाय : दोन जागांवर आळीपाळीने चेंडू. ब्लॉक करणाऱ्याची बॅट न हलता चेंडू उंच उडू लागला, की फिरकी खरोखर पडते आहे असे समजावे. स्वतःच्या अंदाजापेक्षा ही खूण विश्वासार्ह.

साहित्य : दुकानातली तयार स्वस्त बॅट टॉपस्पिनला बहुधा कुचकामी असते, तिचे रबर गुळगुळीत व सुकलेले असते, ते चेंडू पकडतच नाही. मध्यम गतीचे ऑलराउंड ब्लेड आणि सुमारे 1.8 मिमी. स्पंजाचे पकड असलेले रबर एवढे पुरे. जास्त जाड, उसळते रबर चेंडू इतक्या लवकर फेकते की घासणे शिकायला वेळच उरत नाही. नियमाने बॅटीची एक बाजू काळी आणि दुसरी तिच्याहून स्पष्ट वेगळ्या उजळ रंगाची लागते. बाष्पशील द्रावकांचे वेगवान गोंद 2008 पासून बंद आहेत.

महाराष्ट्रातील परंपरा व कुडपण : या खेळाची महाराष्ट्रातली वस्ती शहरी : मुंबई, ठाणे, पुणे. मुंबईचा कमलेश मेहता राष्ट्रीय एकेरीत आठदा विजेता ठरला; 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये टेबल टेनिस प्रथमच आले, तेव्हा तो आणि सुजय घोरपडे भारताकडून खेळले. 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या महिला संघात ठाण्याची मधुरिका पाटकर आणि पुण्याची पूजा सहस्रबुद्धे होत्या, तर पुरुष संघात मुंबईचा सनील शेट्टी.

पोलादपूर तालुक्यातले कुडपण या नकाशावर नाही. सह्याद्रीच्या कुशीतले, पावसाळी धबधब्यांसाठी ओळखले जाणारे हे गाव. पोलादपूर-महाडकडच्या अनेक गावांप्रमाणे इथलाही मुंबईशी नोकरीधंद्याचा जुना धागा. सुट्टीत गावी आलेला मुलगा बॅट घेऊन येईल, पण टेबल कुठून आणणार? अशा ठिकाणी वर सांगितलेला बिनटेबलाचा सराव म्हणजे नाइलाज नव्हे, शिक्षणाचा खरा अर्धा भाग आहे. शेणाने सारवलेल्या ओसरीवर पाय-कंबरेची हालचाल तंतोतंत शिकता येते; सायकलचे जुने चाकही मिळते. ज्याने महिनाभर हे केले आहे तो राज्य शासनाच्या शालेय स्पर्धेआधी तालुक्याच्या गावी टेबलाशी उभा राहिला तर त्याला हालचालीत फारसे शिकायला उरत नाही. 14, 17 व 19 वर्षांखालील गटांत या स्पर्धा होतात आणि जिल्ह्यापर्यंतची वाट सगळ्यांना सारखीच आहे.

अडचण हवेची. सह्याद्रीच्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब असते. ओलसर रबरावर चेंडू निसरतो आणि उत्तम फटकाही जाळीत जातो; नवशिका मग स्वतःचा कोन बदलू लागतो आणि चांगली सवय मोडतो. म्हणून पावसाळ्यात फटका बिघडला तर आधी रबर कोरड्या सुती फडक्याने पुसावे, चेंडूही पुसावा, मगच तंत्र तपासावे. खेळ संपल्यावर रबर ओल्या स्पंजाने हलके धुऊन, पुसून, वर प्लास्टिकचा पातळ पडदा लावून बॅट कव्हरमध्ये ठेवावी. चुलीच्या किंवा उन्हाच्या आचेवर वाळवू नये, रबर कडक होते. लाकडी टेबल असेल तर ते भिंतीपासून दूर ठेवावे, ओल धरून फळी फुगली की टप्पा खोटा पडतो. ओली फरशी किंवा शहाबादी मात्र सर्वांत धोक्याची, कारण टॉपस्पिनचा सगळा जोर उजव्या पायाने जमीन ढकलण्यात आहे. फरशी पुसून कोरडी होईपर्यंत फक्त पुश आणि ब्लॉक खेळावेत.