ग्लिसरीनची बाटली आणि चौदा मृत्यू



भिवंडीत कोणाचे दुखणे हाताबाहेर गेले की, “जे. जे.ला न्या” हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जात आला आहे. सर जमशेटजी जीजीभाईंच्या दानातून १८४५ साली उभे राहिलेले हे रुग्णालय म्हणजे गोरगरिबांचा शेवटचा आधार. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तेथेच चौदा रोगी दगावले, आणि तेही मूळ आजाराने नव्हे.

मेंदूवरची सूज किंवा डोळ्यातील ताण उतरावा म्हणून त्यांना ग्लिसरीन पाजण्यात आले होते. पाहता पाहता त्यांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली. पुढे उघड झाले की, कारखान्यांत वापरायचे ग्लिसरीन औषधी म्हणून रुग्णालयात आले होते व त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होते. हे विषही दाट, रंगहीन आणि चवीला गोडच! रोग्याने, परिचारिकेने, किंबहुना डॉक्टरनेही ते नुसत्या डोळ्यांनी कसे ओळखावे? ते ओळखते प्रयोगशाळा. म्हणूनच अशा फसवणुकीचा खरा प्रश्न बाटलीपेक्षा खरेदीच्या कागदांचा असतो: माल कोणाकडून घेतला, कोणी तपासला, आणि न तपासता कोणी सही केली?

न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने हेच कागद उलटसुलट चाळले. १९८७ अखेर तयार झालेल्या अहवालात रुग्णालय, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्री या तिन्ही पायऱ्यांवर ताशेरे आहेत. अहवाल प्रसिद्ध झाल्यावर आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. सरकारी अहवाल सहसा कोणी वाचत नाही. हा मात्र वाचावा असा आहे.

याच विषाने १९३७ साली अमेरिकेत शंभरावर माणसे मारली होती. गंमत म्हणावी की विटंबना, कारखानदारावर खटला भरला तो औषधाचे नाव चुकीचे ठेवल्याबद्दल! मद्यार्क नसताना त्याला ‘एलिक्सिर’ म्हटले, एवढाच गुन्हा तेव्हाच्या कायद्यात बसत होता. १९३८ साली तेथे नवा कायदा झाला, आपल्याकडे १९४० साली. तरीही २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याकडची खोकल्याचे औषध प्यालेली मुले नागपूरच्या रुग्णालयांत आणावी लागली. त्या औषधाच्या नमुन्यात हेच विष निम्म्याच्या घरात निघाले आणि वीसाहून अधिक बालके गेली.

आता आपल्या हातातले. १९४० च्या त्याच कायद्याचे २६ वे कलम फारसे कोणास ठाऊक नसते. विकत घेतलेल्या औषधाचा संशय आला, तर कोणीही ग्राहक ठराविक शुल्क भरून ते सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो व सहीचा अहवाल मागू शकतो. ग्राहक संघटनांनाही हा हक्क आहे. तक्रार न्यायची ती अन्न व औषध प्रशासनाच्या ठाण्याच्या कचेरीत. जाताना दुकानाचे बिल, उरलेले औषध आणि बॅच क्रमांक दिसणारे वेष्टन घेऊन जावे. आपल्याकडे बाटली रिकामी होताच ती भंगारात जाते आणि बिल तर आपण मागतच नाही.