अंतर हेच उपकरण

विज्ञान दुरून शिकवता येत नाही, हे मत आता जवळजवळ सर्वमान्य झालं आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, मुलं मोबाइलसमोर बसली, आणि पुढे वर्गात परतलेल्या सातवीच्या मुलांना घनता म्हणजे काय हेही सांगता येत नाही, अशी तक्रार शिक्षक करू लागले. त्यावरून निष्कर्ष निघाला की भाषा किंवा इतिहास एकवेळ दुरून शिकवता येईल, पण विज्ञानाला प्रयोगशाळा लागते. प्रयोगशाळेला कुलूप म्हणजे विज्ञानालाही कुलूप.

या पूर्वपक्षात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. आम्लाची बाटली मुलाच्या घरी धाडता येत नाही. २०२०च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या सुमारे ६२ टक्के मुलांच्याच घरी स्मार्टफोन होता. उरलेल्यांचं काय, हा प्रश्न खराच आहे. शिवाय शेजारच्या बाकावरचं पोर वेगळं उत्तर देतं तेव्हा जो वाद होतो, त्यातूनच पुष्कळदा विज्ञान उमजतं. तो वाद पडद्यावर होत नाही.

तरीही निष्कर्ष चुकीचा आहे. त्या काळात बहुतेक ठिकाणी मुलांपर्यंत व्याख्यान पोचलं, प्रयोग पोचलाच नाही. फसलं ते दुरून दिलेलं व्याख्यान. वर्गातही ते फसतच होतं. समोरच्या माना डोलत होत्या म्हणून आपल्याला कळत नव्हतं.

सहावी ते आठवीच्या विज्ञानाला प्रयोगशाळा लागते, हे गृहीतकच तपासून पाहा. बालभारतीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकांतल्या ‘करून पहा’ या चौकटी उघडा. त्यातल्या कितीतरी कृतींना हळद, साबण, मेणबत्ती, पेला एवढंच लागतं. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात केली, ती प्रयोगशाळांची वाट न पाहता, साध्या स्वस्त साहित्यावर. आपल्याकडे २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवरच्या ‘टिलीमिली’ या शैक्षणिक मालिकेने घर आणि परिसर यांतल्याच वस्तू घेऊन मुलांना कामाला लावलं. त्यासाठी स्मार्टफोन लागत नव्हता.

पण माझा मुद्दा ‘घरातही जमतं’ एवढ्यावर थांबत नाही. काही विज्ञान असं आहे की ते एका वर्गात शिकवताच येत नाही. त्याला मुलं एकमेकांपासून लांबच असावी लागतात.

२१ मार्चच्या सुमारास कोल्हापुरातल्या मुलीने अंगणात एक मीटरची काठी सरळ रोवली, तर भरदुपारची तिची सर्वांत आखूड सावली सुमारे ३० सेंटिमीटर भरते. नागपुरातल्या मुलाने त्याच दिवशी तेच केलं, तर ती जवळपास ३९ भरते. सूर्य तोच, काठी तेवढीच, मग हे ९ सेंटिमीटर आले कुठून? दोघांनी कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापक लावला, तर कोनांत साधारण साडेचार अंशांचा फरक येतो. नकाशावर या दोन शहरांमधलं दक्षिणोत्तर अंतर मोजलं की ते ४९५ किलोमीटरच्या आसपास निघतं. साडेचार अंशांना एवढं अंतर, तर पूर्ण वर्तुळाच्या ३६० अंशांना किती, असं त्रैराशिक मांडा: पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटरच्या जवळ येतो. इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया आणि सायीन या दोन गावांच्या आधारे हेच केलं होतं. एकाच शाळेच्या पटांगणात तीस काठ्या रोवल्या, तरी हे उत्तर निघणार नाही. इथे अंतर हेच उपकरण आहे. आणि दोन मुलांमध्ये जायचा असतो फक्त एक आकडा. त्याला साधा फोनही पुरतो.

शिवाय घड्याळात बारा वाजले म्हणून मोजून चालत नाही. नागपूरची सर्वांत आखूड सावली कोल्हापूरच्या सुमारे १९ मिनिटं आधी पडते. का? तिथून रेखांशाचा धडा सुरू होतो, आणि तो कुणी मुद्दाम शिकवावा लागत नाही.

आकाशाचं तर विचारूच नका. २१ डिसेंबर २०२० रोजी संध्याकाळी गुरू आणि शनी पश्चिमेला जवळजवळ एकमेकांना चिकटलेले दिसले. त्याआधीचे कित्येक आठवडे ते रोज थोडे थोडे जवळ सरकत होते. गच्चीवरून रोज वहीत दोन ठिपके काढणाऱ्या मुलाला ग्रहगती डोळ्यांनी दिसली असती. शाळा तर चालू असली तरी संध्याकाळी बंदच असते.

शेवटचा आक्षेप असा येतो की मुलं न मोजताच आकडे लिहितील, किंवा आईबाबा लिहून देतील. लिहितील ना. पण एकाच गावातली तीस मुलं वेगवेगळ्या लांबीच्या काठ्या घेतात तेव्हा सावली भागिले काठी हे उत्तर सगळ्यांचं जवळपास सारखं यायला हवं. आलेख काढला की भलता ठिपका एकटा पडतो. त्या मुलाला शिक्षकाने ‘खोटं का लिहिलंस?’ असं विचारायचं नाही. काठी तिरपी होती का, एवढंच विचारायचं, दोऱ्याला दगड बांधून ओळंबा कसा करायचा ते सांगायचं, आणि उद्या दुपारी पुन्हा मोजायला लावायचं.