कळ, व्यत्यय आणि यंत्राचे अवधान

एका वेळी एकच आज्ञा पाळणारे गणकयंत्र अन्य कामात गुंतले असता माणसाने कळ दाबली, तर ती त्यास समजावी कशी? सूक्ष्मनियंत्रकावर, म्हणजेच मायक्रोकंट्रोलरवर, काम करणाऱ्यास हा प्रश्न पहिल्याच दिवशी भेटतो. तथापि त्यामागे सत्तर वर्षांचा इतिहास आहे. ‘यंत्राने ऐकावे कसे’ या प्रश्नापासून निघालेला हा विचार पुढे ‘यंत्राने केव्हा ऐकू नये’ या अधिक कठीण प्रश्नापाशी येऊन ठेपला. परभणीच्या मतदाराने दाबलेली कळ ही या दुसऱ्या प्रश्नाचे बोलके उदाहरण होय.

कळ जाणून घेण्याच्या पद्धती मूलतः दोन. पहिली पृच्छेची. तीत आज्ञावली आपले काम करीत असता अधूनमधून कळेकडे वळून ‘दाबली आहे काय?’ असे विचारते. ही पद्धती सोपी असली तरी तिच्यात एक उणीव आहे. माणसाचे बोट कळेवर साधारणतः सेकंदाचा दशांश भाग टेकते. आज्ञावली एखाद्या कामात पूर्ण सेकंदभर अडकली, तर ती वळून पाहीपर्यंत बोट उचललेले असते. दुसरी पद्धती व्यत्ययाची. तीत बाहेरून संकेत येताच यंत्र हातचे काम थांबवते, सोडल्या जागेची नोंद ठेवते, आलेल्या हाकेस ओ देते आणि पुन्हा पूर्वस्थळी परतते. मराठीत ‘व्यत्यय’ या शब्दास अडथळ्याचा अर्थ चिकटलेला आहे. येथे मात्र तो सोयीचा वाचक ठरतो.

या सोयीचा आरंभ अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेच्या १९५४ सालच्या ‘डायसिॲक’ या यंत्रात आढळतो. बाह्य उपकरणाच्या संकेताने चालू आज्ञाक्रम बदलण्याची योजना त्यात होती. पुढे १९५८ च्या सुमारास हॉलंडमधील ‘एक्स-१’ या यंत्रासाठी आज्ञावली लिहिताना एड्सखर डाइक्स्ट्रा यांना या सोयीचे भय जाणवले. व्यत्यय नेमका कोणत्या दोन आज्ञांच्या मध्ये येईल हे आधी सांगता येत नाही; म्हणून त्यातून उद्भवलेला दोष पुन्हा घडवून दाखविता येत नाही, आणि जो दोष पुन्हा घडत नाही तो शोधणे अतिशय दुष्कर. त्यांचा १९५९ चा प्रबंध या यंत्राशी संवाद साधण्याच्या प्रश्नावरच आहे. व्यत्ययाने यंत्र तत्पर झाले, पण त्याच्या वर्तनाची निश्चिती उणावली.

सूक्ष्मनियंत्रकांच्या युगात हाच पेच लहान आकारात पुन्हा उभा राहिला. १९७४ साली बाजारात आलेल्या ‘टीएमएस १०००’ मध्ये व्यत्ययाची सोयच नव्हती; कळफलकाची ओळीओळीने पाहणी करूनच काम चाले. १९८० च्या ‘८०५१’ मध्ये व्यत्ययाची पाच उगमस्थाने असून त्यांपैकी दोन बाह्य संकेतांसाठी आहेत. परंतु तेथे निराळी अडचण उद्भवते. कळेतील धातूचे स्पर्शबिंदू मिटताना काही मिलिसेकंद थरथरतात. परिणामी माणसाने एकदा दाबलेली कळ यंत्रास अनेकदा दाबल्यासारखी भासते. म्हणून कुशल रचनाकार बहुधा मधला मार्ग स्वीकारतात. कालमापकाकडून दर पाच मिलिसेकंदांनी व्यत्यय घ्यावा, त्या क्षणी कळेची स्थिती पाहावी आणि लागोपाठ चार वेळा ती दाबलेली आढळली तरच दाब ग्राह्य धरावा. असे केल्याने वीस मिलिसेकंदांचा विलंब होतो. तो माणसास जाणवत नाही, आणि थरथर मात्र गाळली जाते.

एका दाबाची दोनदा गणना होणे हे गणकावर हास्यास्पद, पण मतदानात अक्षम्य. निवडणूक आयोगाने १९७७ मध्ये मतदान यंत्राची कल्पना मांडली. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने १९७९ मध्ये नमुना सिद्ध केला. १९८२ मध्ये केरळातील परवूर येथे पन्नास केंद्रांवर यंत्रे वापरली गेली. परंतु कायद्यात तरतूद नसल्याने १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील मतदान अग्राह्य ठरविले. ती तरतूद १९८९ मध्ये अमलात आली. १९९९ मध्ये गोव्याची संपूर्ण विधानसभा निवडणूक यंत्रांवर झाली आणि २००४ मध्ये परभणीसह लोकसभेच्या सर्व ५४३ मतदारसंघांत ती पोहोचली.

परभणी मतदारसंघात २६ एप्रिल २०२४ रोजी मतदान झाले. एका बॅलट युनिटवर ‘नोटा’ धरून सोळा नावे मावतात. उमेदवार त्याहून अधिक असल्याने तेथे एकाहून अधिक युनिटे जोडावी लागली. प्रत्येक युनिटास स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो. त्यावरून दाब कोणत्या युनिटावरचा हे यंत्र ओळखते. केंद्रावरील अधिकारी नियंत्रण युनिटावरील ‘बॅलट’ कळ दाबीत नाही तोवर मतदाराच्या कळा निष्फळ असतात. ती दाबताच हिरवा दिवा लागतो. मतदाराने निळी कळ दाबली की उमेदवारासमोरील तांबडा दिवा पेटतो, चिठ्ठी सात सेकंद काचेआड दिसते आणि दीर्घ ध्वनी होतो. त्यानंतर तीच किंवा अन्य कळ कितीही वेळा दाबली, तरी पुढील अनुमती मिळेपर्यंत यंत्र तिची दखल घेत नाही.

‘डायसिॲक’मध्ये यंत्रास हाक ऐकण्याची सोय लाभली, मतदान केंद्रावर त्याच यंत्रजातीस, एक हाक ऐकून झाल्यावर, हेतुपुरस्सर बहिरे केले गेले. एका व्यक्तीस एकच मत हे तत्त्व कायद्याने सांगितले खरे. पण कळेच्या पातळीवर ते टिकते ते या नियोजित बधिरतेमुळेच. यंत्राच्या अवधानाचा इतिहास लिहिताना त्याच्या श्रवणशक्तीइतकेच महत्त्व या संयमासही दिले पाहिजे.