इमारतीचं वय विचारताना

"ही इमारत कधीची हो?" असं पाहुण्यानं विचारलं, की आपण सोलापूरकर पटकन सांगून मोकळे होतो, "ब्रिटिशांच्या काळातली!" काळा दगड दिसला, कमान दिसली, वर मंगलोरी कौलं दिसली, की झाली ब्रिटिशांच्या काळातली. आता हा काळ केवढा? सोलापूरचा भुईकोट किल्ला जनरल मन्रोच्या फौजेनं घेतला तो मे १८१८ मध्ये. तिथून १९४७ पर्यंत मोजलं तर एकशे एकोणतीस वर्षं भरतात. चार पिढ्यांचा हिशेब आपण एका शब्दात उरकतो.

मीही उरकत होतो. आयुष्यभर वर्गात इतिहास शिकवला, पण ज्या वर्गात उभा राहून शिकवला त्याच्या भिंतीचं वय मला ठाऊक नव्हतं. निवृत्तीनंतर एका शिक्षणसंस्थेनं स्मरणिकेसाठी 'आपल्या वास्तूचा इतिहास' हा लेख माझ्याकडे दिला, तेव्हा पहिल्यांदा घाम फुटला. संस्थेचं नाव सांगत नाही; पुढं जे सांगणार आहे ते कुठल्याही संस्थेत घडू शकतं.

पहिला धडा हा, की संस्थेचं वय आणि इमारतीचं वय या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संस्था भाड्याच्या वाड्यात जन्मते, दुसरीकडे वाढते, तिसरीकडे नाव काढते. उलटही होतं. महापालिकेच्या आवारातलं इंद्रभुवन घ्या. अप्पासाहेब वारद यांनी ते बांधलं ते राहण्यासाठी, कचेरीसाठी नव्हे. सोलापूरची महापालिका झाली १९६४ मध्ये. तिथं घरपट्टी भरायला गेलेल्या माणसानं क्षणभर मान वर करून नक्षी पाहावी. ती एका घराची हौस आहे.

दुसरा धडा कागदांचा. कागद जिथं असावेत असं वाटतं, तिथं ते नसतात. दयानंद महाविद्यालयाचं उदाहरण सांगतो. हे महाविद्यालय १९४० मध्ये सुरू झालं. तेव्हा आपलं विद्यापीठ मुंबईचं. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ निघालं, १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आणि २००४ मध्ये सोलापूरचं स्वतःचं, ज्याला २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. कॉलेज जागचं हललं नाही, पण गुणपत्रिकेवरचं गाव बदलत गेलं. म्हणजे संलग्नतेचे अर्ज, पाहणी समितीचे अहवाल, 'इतक्या खोल्या आहेत, इतक्या बांधणार आहोत' असली पत्रं चार गावांत विखुरलेली. शिवाय डी. ए. व्ही. चळवळीचं मूळ लाहोरचं, १८८६ सालचं. फाळणीत तो मुख्य कारभारच तिथून उठला. सोलापूरच्या कॉलेजचा माग काढायला निघावं आणि वाट लाहोरला जावी, असा हा प्रकार!

वोरोनोको प्रशालेचं नाव तर लहानपणापासून ऐकत आलो. आम्हा पोरांना ते कानडी वाटायचं, कुणाला तेलुगू. सोलापुरात तसं वाटणं साहजिकच. प्रत्यक्षात वोरोनोको हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेस्टफील्ड परिसराचं जुनं नाव, तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं. शाळा अमेरिकन मराठी मिशनची. या मिशनच्या पालक मंडळाचे कागद आज हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. आपल्या गावच्या मुलींच्या शाळेची जुनी खबर सातासमुद्रापार बासनात बांधलेली आहे.

काही कागद तर उरलेच नाहीत. १९३० चा मे महिना सोलापूरकरांना सांगायला नको. ८ मे रोजी गोळीबार झाला, गाव पेटलं, कोर्टाची इमारत जाळली गेली आणि मग मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिलं गेलं. हा इतिहास आपण अभिमानानं सांगतो आणि सांगावाच. पण वास्तूचा माग काढणाऱ्याला त्यात एक छोटी हळहळही असते. कोर्ट जळतं तेव्हा खरेदीखतांचे वाद, हद्दीचे दावे, वाटण्यांचे नकाशे जपणारी जागाच जळते.

कागद नसले तर मग दगडमातीलाच विचारायचं. इथं मात्र मोठी गंमत आहे. रेल्वे सोलापूरला आली १८६० मध्ये. त्याआधी लांबचं जड सामान बैलगाडीनंच यायचं. म्हणून परमुलखातलं लोखंड, कौलं इमारतीत दिसली की साधारण रेल्वेनंतरची समजावी. मंगलोरी कौल उलटून पाहिलं तर पाठीवर कारखान्याचं नाव असतं. बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा. चुन्याऐवजी सिमेंट दिसलं तर लक्षात ठेवावं, की पोरबंदरचा कारखाना १९१४ मध्ये सुरू झाला. आणि लोखंडी तुळईवर टाटांचं नाव असलं, तर ती १९१२ च्या आधीची असूच शकत नाही, कारण जमशेदपूरला पोलाद निघालं तेच त्या वर्षी. १८८४ मध्ये छापलेलं जिल्ह्याचं जुनं गॅझेटियरही मदतीला येतं. किल्ला, तलाव, पेठा, गिरणी, सगळं त्यात आहे. मात्र एखादी इमारत त्यात नाही म्हणून ती तेव्हा नव्हतीच, असं म्हणायची घाई करू नये.

ही सगळी विद्या घेऊन मी त्या संस्थेच्या जुन्या सभागृहात शिरलो. आधीच्या तीन स्मरणिकांत 'ही वास्तू १९०० पूर्वीची' असं छापलं होतं. तिसरीनं दुसरीवरून आणि दुसरीनं पहिलीवरून उतरवलेलं, हे वाक्यरचनेवरूनच कळत होतं. मी शिडी लावून घेतली, तुळईवरची धूळ पुसली आणि अक्षरं दिसली. टाटा! मी शिडीवरूनच ओरडलो. १९१२ नंतरची! तीन स्मरणिका खोट्या ठरल्या! त्याच रात्री लेख लिहून काढला.

दुसऱ्या दिवशी सहज म्हणून संस्थेतल्या जुन्या शिपाईमामांना ते सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "सर, ती तुळई नंतर घातलेली आहे की. दुष्काळात."

"कुठल्या दुष्काळात, मामा?"

"बहात्तरच्या. मी तवा नुकताच लागलेलो. वरचं सागवान वाळवीनं खाल्लं होतं. मग भंगार बाजारातनं जुनी तुळई आणून घातली. उचलायला आम्ही आठजण होतो बघा."

म्हणजे तुळई जुनी, पण या घरात आली १९७२ मध्ये, तीही आधी दुसऱ्याच कुठल्या तरी छताखाली राबून! माझा रात्रीचा लेख सकाळीच रद्द झाला. लेख छापून गेला असता तर पुढची स्मरणिका माझ्यावरून उतरवली गेली असती, आणि खाली 'ज्येष्ठ इतिहासतज्ज्ञ' म्हणून माझं नावही आलं असतं.

किल्ल्यात गेलं की हेच उमजतं. बहामनी काळातला म्हणून आपण तो ओळखतो. पण त्याच्या आत कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाच्या देवळाचे अवशेष आहेत, आणि तटात जुन्या कोरीव शिळा बसवलेल्या दिसतात. त्या शिळेवरून तटाचं वय काढलं तर दोन-तीनशे वर्षांची चूक व्हायची. दगड खोटं बोलत नाही, पण तो स्वतःपुरतंच बोलतो.

मामांना मग मी खाली बसवलं आणि चहा मागवला. बांधकामाची बिलं, जुन्या वह्या, नकाशे कुठं असतील, असं विचारलं. ते जरा घुटमळले. "माडीखालच्या खोलीत होते की. लाल कापडात बांधलेले गठ्ठे. रंगकाम निघालं तवा खोली रिकामी केली. रद्दीवाल्याला दिलं सगळं. किलोवर."

कधी, असं विचारलं. दोन वर्षांपूर्वी, म्हणाले. खोली रिकामी करा म्हणणाऱ्यांत वाईट कुणीच नव्हतं. वाळवी होती, रंगारी थांबला होता, मोडी कुणाला वाचता येत नव्हती. खरं सांगायचं तर त्या खोलीशेजारच्या जिन्यावरून मी स्वतः कितीतरी वर्षं चढ-उतार केली होती. एकदाही आत डोकावलो नाही. इतिहासाचा प्राध्यापक!

एक वही मात्र वाचली होती. तिचा पुठ्ठा जाड, म्हणून मामांनी ती स्टुलाच्या पायाखाली घातली होती. स्टूल हलवून आम्ही ती काढली. अर्धी पानं वाळवीनं नेलेली. उरलेल्यांत चुना, वीट, गवंड्यांची हजेरी, आठवड्याची मजुरी. आकडे मोडीत, सह्यांच्या जागी अंगठे. वर्षाचा आकडा असायला हवा ते पहिलंच पान नाही. पण एका पानावर वार आणि तिथी दोन्ही आहेत. वार आणि तिथी जुळली की पंचांगावरून चार-सहा शक्य वर्षं काढता येतात, आणि मजुरीच्या दरावरून त्यातली काही गाळता येतात. सध्या त्याच कामाला बसलो आहे. स्मरणिकेला मी एवढंच लिहून दिलं: सभागृहाची तुळई १९७२ मध्ये बसवली, उचलायला आठजण होते. संपादकांना ते फारसं आवडलं नाही, पण छापलं.