पिवळ्या मूत्रपिंडाची कथा

आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील कित्येक विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही. मूत्रपिंड निकामी होऊन तेथे माणसे दगावली आहेत, आणि पाण्याविषयीची लोकांची तक्रार रास्तच आहे. परंतु कोणाचीही कूस दुखली की ‘पाण्याचा आजार’ म्हणून मोकळे व्हायचे, या सवयीत एक निराळा रोग दडून राहतो.

१९१६ साली श्लागेनहाउफर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले. मुतखड्याने वाट अडते, मागे पू साचतो आणि महिनोन्‌महिने कुजत चाललेल्या मूत्रपिंडात चरबीने भरलेल्या पेशींचे पिवळे थर चढतात. त्याला वाटले, हा एका विशिष्ट जंतूचा प्रताप. पुढे निराळेच जंतू अधिक आढळले. नाव मात्र जिभेला न झेपणारे पडले: झँथोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस. ‘झँथो’ म्हणजे ग्रीकमध्ये पिवळा, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. पुष्कळ वर्षे हा रोग कर्करोग समजूनच कापला जाई. खरे काय ते नंतर सूक्ष्मदर्शकाखाली कळे. १९७१ साली लंडनमध्ये सीटी स्कॅनने पहिला रुग्ण तपासला गेला, त्यानंतरच्या काळात शस्त्रक्रियेपूर्वी निदानाची सोय झाली.

खारपाणपट्ट्यातील नेहमीच्या रोगात दोन्ही मूत्रपिंडे हळूहळू, बहुधा न दुखता झिजतात. येथे बहुधा एकच बाजू जाते. बारीक ताप, कुशीत दुखणे, वजन उतरणे, कधी हाताला गाठ लागणे. दुसरे मूत्रपिंड धड असले तर सडलेले काढून माणूस जगतो. म्हणूनच हा फरक आम्हांस मोलाचा वाटतो.

मग उशीर का होतो? १८७० साली जलंबहून खामगावला आगगाडी आली, कापसाचा बाजार फुगला, जिन-प्रेस उभ्या राहिल्या. पण १९४८ च्या कामगार विमा कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि सरकी काढणारे जिन त्यांतच मोडले. हंगामात खाडा म्हणजे मजुरी बुडाली. ताप आला की सुई टोचायची, उतरला की पुन्हा कामावर. अशा अर्धवट औषधाने लघवीच्या तपासणीत जंतू सापडतीलच असे नाही. आणि एके रात्री रक्तदाब कोसळून माणूस तातडीच्या विभागात येतो. तेथे प्रथम सलाइन व जंतुनाशक औषधे द्यायची, पू बाहेर काढायचा. मूत्रपिंड काढणे मागाहून. त्या वेळी मुतखडा पूर्वी केव्हा निघाला होता, ताप किती महिन्यांचा आहे, कोणती औषधे झाली, हे सोबतच्या माणसाने आपणहून सांगावे. रुग्ण शुद्धीवर असतोच असे नाही.