वाटाण्याच्या कोंबावरचे कर्ज

गेल्या दिवाळीत खालापुरास आमच्या अंगणातल्या किल्ल्यावर पहारा बदलला. मातीचे मावळे पायथ्याशी उतरले आणि बुरुजावर अंगठ्याएवढे एक कापडी अस्वल येऊन बसले. त्याच्या दोन्ही बाजूंस, तोफगोळ्यांच्या जागी, रंगीत अंडी होती. पुतणीच्या वसईच्या मैत्रिणीने ईस्टरला रिकाम्या टरफलांवर स्वतः नक्षी काढून ती दिलेली. सभोवार अळीव पेरलेले. पुतणी विटांवर मोबाईल टेकवी आणि रोज सकाळी त्या मंडळींचे एक छायाचित्र घेई. शेजारच्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी ‘काय हा पोरखेळ!’ म्हणून नाक मुरडले. मी मात्र मान वर करून घाटाकडे पाहिले. या पोरखेळाचा आपल्याकडील मूळपुरुष त्या घाटमाथ्यावरच काही काळ राहून गेला आहे.

धुंडिराज गोविंद फाळके हे ते गृहस्थ. राजा रविवर्म्याच्या चित्रांचा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस होता. त्याच्या कामासाठी फाळक्यांनी लोणावळ्यास आपला छपाईचा कारखाना थाटला होता. त्यापूर्वी गोध्र्याला छायाचित्रकाराचा धंदा आणि सरकारी पुराणवस्तू खात्यात नोकरी, असे सगळे करून झाले होते. मुंबईहून लोणावळ्यास जायचे तर १८६३ पासून आगगाडी कर्जतवरूनच घाट चढते. तेव्हा आमच्या या टापूतून हा माणूस काचा, रसायने आणि ठसे घेऊन कितीदा तरी गेला असेल. गाडीला जादा इंजिन जोडीपर्यंत कर्जतच्या फलाटावर तो काय पाहत बसे, हे कळते तर मी काहीही दिले असते.

अस्वलाची कुळकथा त्याच काळातली. १९०२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मिसिसिपीतील शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्याचे नाकारले. त्यावर व्यंगचित्र निघाले, आणि ब्रुकलिनच्या एका दुकानदाराने कापडी अस्वल करून त्याला ‘टेडी’चे नाव दिले. पाचच वर्षांनी, १९०७ साली, एडविन पोर्टरने खेळण्यातली अस्वले पडद्यावर चालवून दाखविली. युक्ती सोपी आणि जीवघेणी : एक चित्र घ्यायचे, अस्वल केसभर सरकवायचे, पुन्हा चित्र घ्यायचे. दुसऱ्याच वर्षी फ्रान्सच्या एमिल कोलने आगकाड्यांकडून तेच करवून घेतले.

इकडे फाळक्यांनी गिरगावातल्या तंबूत येशूच्या जीवनाचा चित्रपट पाहिला. तो दिवस नाताळचा की ईस्टरचा, याविषयी चरित्रकारांत दोन तट आहेत; पण माणूस त्या पडद्याने झपाटला, याविषयी नाहीत. विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या, डोळे बिघडून दृष्टी जाण्याची वेळ आली, आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते विलायतेस निघाले. भांडवल मात्र कोणी देईना. राम, कृष्ण, हरिश्चंद्र पडद्यावर आणीन म्हणणाऱ्या कफल्लकावर सावकाराने विश्वास तरी कशाच्या जोरावर ठेवावा?

फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा रोवला. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रे धरली, तर मिनिटाच्या फितीस हजाराच्या आसपास चित्रे लागतात. जवळजवळ महिनाभर ती टिपत, कुंडी न हलवता, कॅमेरा न हलवता, हा चाळिशी ओलांडलेला संसारी माणूस त्या कोंबापुढे बसला. शेजारपाजाऱ्यांना काय वाटले असेल! पण फीत लावली आणि महिन्याचा वेल मिनिटात पडद्यावर चढला. ते पाहून छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले. उरलेल्यासाठी सरस्वतीबाईंचे दागिने होतेच. आपले इतिहासकार भारतीय चित्रपटाचा आरंभ ३ मे १९१३ पासून, ‘राजा हरिश्चंद्रा’पासून मांडतात. माझ्या मते तो त्या कुंडीपासून मांडावा. हरिश्चंद्राचे राज्य वाटाण्याच्या तारणावर उभे राहिले.

कीर्ती मिळाल्यावरही फाळक्यांचा हा नाद सुटला नाही. १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. पौराणिक चित्रांना गर्दी लोटत असता हा माणूस काड्या सरकवीत बसला होता. हरिश्चंद्राची काही रिळे आज पाहता येतात. काड्यांची ती फीत मात्र काळाच्या उदरात गेली. क्षुल्लक म्हणून कोणी जपली नसावी.

आमच्या किल्ल्याची एकूण ७ छायाचित्रे निघाली. पहिल्यात अस्वल आणि अंडी स्वच्छ दिसतात. चौथ्यात अळीव अस्वलाच्या कमरेला लागला आहे. सातव्यात हिरव्या कोंबांतून दोन कान आणि एका अंड्याचा तांबडा शेंडा एवढेच वर आले आहे. पुतणीने ती एकामागून एक लावून चालविली; खेळ अर्ध्या सेकंदात आटोपला. शेजारचे गृहस्थ चष्मा पुसून म्हणाले, “पुन्हा लाव बघू.” तिने पुन्हा लावला. त्यांनी तो तीनदा पाहिला.